दस्तीखालची तार

मानवत गावच्या एका निवृत्त तारबाबूनं मला फसवलं. माझा व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला आणि बदल्यात अर्धीच विद्या दिली.

रेडिओ साधा नव्हता. सागवानी पेटी, पुढं हिरवा डोळा. गरम व्हायला वेळ घ्यायचा, पण एकदा लागला की अख्खी गल्ली ऐकायची. पोती उचलता उचलता मी बैलबाजारात दलाल झालो, तेव्हा केलेली ती पहिली हौस. एका सकाळी त्याच्या शॉर्टवेव्हवर दोन माणसं आपसात बोलताना सापडली. बातम्या नाहीत, गाणी नाहीत. एक जण स्वतः बांधलेल्या यंत्राबद्दल सांगत होता, दुसरा त्याच्या एरियलला नावं ठेवत होता. सरकारी परवाना काढला की कुणीही घरातून असं हवेत बोलू शकतो, हे मला नंतर कळलं. मग मला चैन पडेना.

तुपाच्या डब्याच्या पत्र्यावर मी ट्रान्समीटर बांधला. व्हॉल्व्ह भंगारातले, कॉइल हातानं गुंडाळलेली. पण परवान्यासाठी हैदराबादला परीक्षा होती आणि परीक्षेत मोर्स होता, म्हणजे तारेची लिपी. छोट्या आणि लांब खुणा जोडून केलेली अक्षरं. तोवर यंत्र चालवणं गुन्हा. ते पलंगाखाली पडून राहिलं. झाडू मारताना बायको विचारायची, "ह्या मुक्या पेटीला चारा कधी टाकायचाय?"

तारबाबूनं हयातभर तारा धाडलेल्या. मोर्स शिकवायला तो तयार झाला, पण त्याला पैसे नकोत, रेडिओच हवा. मी भांडलो, दोनदा उठून आलो, तिसऱ्यांदा रेडिओ डोक्यावर घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो.

त्याच्याकडे तारेचं जुनं पितळी यंत्र होतं. ते ठकठक करायचं. दोन ठोके जवळ आले की छोटी खूण, लांबले की मोठी. बाजाराच्या दिवशी मला सवड नसायची, म्हणून तो बाजारातच यायचा. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, हातात हात घालून बोटांनी ठरवतात. आम्हीही दस्ती टाकून बसायचो. तो माझं बोट दाबायचा, थोडं किंवा जास्त वेळ, आणि मी अक्षर पुटपुटायचो.

एक म्हातारा शेतकरी शेवटी वैतागला. "लय लांबला की तुमचा सौदा. बैल कुठाय?"

"बैल मीच हाय," मी म्हणालो. "बाबू दात मोजायलाय."

परीक्षेच्या खोलीत आधी नमुना वाजवला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. ठकठक नव्हतीच. पिपाणीसारखं पीं, पीपी, पीं! मला एक अक्षर लागेना. पलंगाखालची पेटी आता कायमची मुकी, एवढंच डोक्यात आलं. काय करावं सुचेना, तेव्हा हात आपोआप खिशात गेला. दस्ती काढली, डावा हात तिच्याखाली घातला आणि प्रत्येक पींबरोबर अंगठ्यानं स्वतःचंच बोट दाबू लागलो.

परीक्षा घेणारा साहेब धावत आला. "नीचे क्या छुपाया है?"

माझं डोकं फिरलं. दस्ती भिरकावून दिली. "हात है मेरा! हात भी जमा करूँ क्या?"

त्यानं माझा रिकामा हात उलटासुलटा पाहिला, हसला, आणि दस्ती स्वतः उचलून दिली. खरा मजकूर सुरू झाला. कानांना काहीच कळत नव्हतं, बोटाला सगळं कळत होतं. मी बोटाचं ऐकून लिहीत गेलो.

पास झालो. परवाना येईतो ऐकण्यासाठी एक छोटा रिसीव्हरही बांधला. परवाना आला त्या दिवशी बायकोनंच पेटी ओढून बाहेर काढली. मोर्समध्ये मारलेल्या पहिल्या हाकेला कुणी आलं नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्यांदा कुठल्या तरी अनोळखी माणसानं परवान्यावरची माझी खूण, म्हणजे हवेतलं माझं नाव, परत वाजवलं. छातीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं.

मग तडक तारबाबूच्या ओट्यावर गेलो. माझाच रेडिओ चालू होता.

"वायरलेसवर पीं-पीं वाजतं, हे का न्हाई सांगितलं?"

"मालक, तुमी विचारलं का?" तो शांतपणे म्हणाला. "सौद्यात न विचारलेलं कोण सांगतंय? आणि मघाशी तुमच्या हाकेतलं क्यू अक्षर लंगडत होतं."

माझ्याच रेडिओवर बसून तो मला ऐकत होता! त्या रेडिओवर मोर्सची पीं-पीं उमटत नाही, नुसते दबके धक्के येतात. त्याला तेवढ्यावरही सगळं कळत होतं. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. अजून दाखवलेलं नाही. कारण बाजाराचा कायदा त्यालाही ठाऊक आहे. बैल विकताना त्याची खोड सांगावीच लागते, गिऱ्हाइकानं विचारो न विचारो. मारका असेल तर मारका म्हणायचं, बसका असेल तर बसका. बाबू, माझ्या दस्तीखाली हात घालून बसला होतात ना? मग त्या सौद्यातली खोड का नाही सांगितलीत? उत्तर द्या.