मक्याची पिशवी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही ओहायोत, कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहत होतो. नवरा एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आले होते, पण तिथे त्या पदवीला कोणी विचारत नव्हतं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी अर्ज करत सुटले. लॅबवाले म्हणायचे, इथला अनुभव नाही. दुकानवाले म्हणायचे, शिक्षण जास्त आहे. शेवटी मला कामावर घेतलं ते कचऱ्याच्या पिशव्या बनवणाऱ्या एका कंपनीतल्या मार्केटिंगच्या प्रमुख बाईंनी.

बाई साठीकडे झुकलेल्या होत्या. उंच, आखूड पांढरे केस, बोलणं शेतकऱ्याच्या घरातलं, मोकळं. इंटरव्ह्यूला त्यांनी माझी सर्टिफिकेटं बाजूला ठेवली आणि विचारलं, "प्लास्टिक कुजत का नाही, ते मला शेजारणीला सांगावं तसं सांग." मी म्हटलं, कुजणं म्हणजे कुणीतरी खाणं, प्लास्टिक खाणारं मातीत कोणी नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या की असं बोलणारं माणूस त्यांना हवंच होतं, कारण त्यांच्या इंजिनिअरांचं बोलणं त्यांना स्वतःलाच कळत नाही.

ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारायचे. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारणं मला जमेना, म्हणून मी हाक मारायचंच टाळायचे. समोर जाऊन उभी राहायचे. मनात मात्र मी त्यांना मावशी म्हणत असे. पहिल्या हिवाळ्यात मला बर्फात गाडी चालवायची भीती वाटायची, तेव्हा संध्याकाळी त्या आपली गाडी माझ्या गाडीमागे ठेवून, मी हायवे सोडायचे त्या एक्झिटपर्यंत सोबत यायच्या. त्यांचं घर उलट दिशेला होतं, हे मला पुढे दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

कचरा कुठे टाकायचा, हा तेव्हा टीव्हीवर रोजचा विषय झाला होता. शाळांमधून मुलं घरी येऊन आईबापांना शिकवायला लागली होती. आमच्या धंद्याकडे सगळे बोट दाखवत होते, आणि बाईंना ते मनापासून लागत होतं. त्यांनी आधी ऑफिसपासून सुरुवात केली. एकदा वापरून फेकायचे फोमचे कप बंद करून प्रत्येकाला आपापला मग आणायला लावला. कागद दोन्ही बाजूंनी वापरायचा, जुने मेमो फाडून पाठकोऱ्या चिठ्ठ्या करायच्या, आणि बाहेर पडताना दिवा बंद करायचा, असे नियम केले. माझा स्टीलचा डबा आणि कापडी नॅपकिन बघून त्या एवढ्या खूश झाल्या की कंपनीच्या बातमीपत्रात त्यांनी माझा डब्यासकट फोटो छापला. मला फार संकोच वाटला. डबा नेणं ही माझी सवय होती, त्यात पृथ्वीची काळजी वगैरे काही नव्हती. पण मी तसं सांगितलं नाही, कारण त्यांचा आनंद मोडवेना.

मग इंजिनिअरांनी प्लास्टिकमध्ये मक्याचं पीठ मिसळून नवी पिशवी तयार केली. मातीत गेली की विरघळणार, असं ते म्हणाले. बाईंचं बालपण मक्याच्या शेतात गेलेलं. मका ऐकल्यावर त्यांना आणखी काही पटवून द्यायची गरजच उरली नाही. खोक्यावर हिरवं पान आणि "मातीतून आली, मातीत जाईल" ही ओळ त्यांनीच ठरवली. आतल्या माहितीपत्रकाचा मजकूर माझ्याकडे दिला. मी इंजिनिअरांचे कागद वाचले. त्यात "विघटन" हा शब्द ठिकठिकाणी होता, पण विघटन कशाचं ते कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. मी तसं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मग आपणच बघू या की. तुझ्याकडे बाग आहे. एक पिशवी पूर. हिवाळ्याआधी काढू आणि फोटो घेऊ. जाहिरातीत खरी माती दिसू दे."

त्या वसंतात मी मेथीच्या वाफ्याशेजारी एक पिशवी पुरली. उन्हाळा सरला, टोमॅटो झाले, गारठा पडायला लागला. जमीन गोठायच्या आत एका रविवारी नवऱ्याने फावडं घेतलं आणि माती उकरली. पिशवी जशीच्या तशी होती. मळलेली, जराशी खडबडीत, ताणली तर पूर्वीपेक्षा लवकर फाटणारी, पण पिशवीच. मी ती पाइपच्या पाण्याखाली धुतली तर तिच्यावरचं हिरवं पानही स्वच्छ दिसलं. काय झालं असणार ते मला तिथेच कळलं. मातीतल्या जीवांनी मक्याचं पीठ खाल्लं होतं आणि प्लास्टिक सोडून दिलं होतं.

नवरा म्हणाला, "उद्या सांगून टाक."

सोमवारी बाई माझ्या टेबलापाशी आल्या. हातात कॉफीचा मग, चेहऱ्यावर लहान मुलीसारखी उत्सुकता. "कशी आहे आपली पिशवी?"

मी वाक्य घरून ठरवून आणलं होतं. पण त्या समोर उभ्या राहिल्यावर ते तोंडातून निघेना. मोठ्या माणसाला थेट नाही म्हणायचं नाही, जरा फिरवून सांगायचं, म्हणजे समजायचं ते समजतात, अशा घरात मी वाढले होते. मी म्हटलं, "थोडी खडबडीत झालीये. अजून वेळ द्यायला हवा."

आमच्या घरी याचा अर्थ "जमत नाही" असाच झाला असता. बाईंना तो कसा कळणार? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे सुरुवात झाली तर!" असं म्हणून त्या गेल्यासुद्धा. मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. त्यांची केबिन माझ्या टेबलावरून दिसायची. त्या दिवशी आणि त्यानंतरही कितीतरी दिवस तिचं दार उघडंच होतं.

नाताळच्या थोडं आधी एका मोठ्या सुपरमार्केट कंपनीचा खरेदी बघणारा माणूस आमच्याकडे आला. अनेक राज्यांत त्यांची दुकानं होती. त्यांनी पिशवी घेतली असती तर आमची वर्षाची चिंता मिटली असती. खोकी छापून तयार होती. बाईंनी फार छान बोलून सगळं मांडलं, आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाल्या की आमच्या या सहकारिणीने स्वतःच्या बागेत पिशवी पुरून पाहिली आहे आणि विघटन सुरू झालेलं आहे.

त्या माणसाने खुर्ची माझ्याकडे वळवली. तो उर्मट नव्हता. त्याने शांतपणे विचारलं, "सुरू झालंय म्हणजे नक्की काय झालंय?"

मी म्हटलं, "मका निघून गेलाय. प्लास्टिक आहे तसंच आहे."

"आणि आणखी थांबलं तर?"

"तरी प्लास्टिकच राहील. फार तर त्याचे तुकडे होतील."

त्याने मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मी बाईंकडे पाहिलं. मला राग दिसेल असं वाटलं होतं. तो नव्हता. त्या माझ्याकडे बघत काहीतरी आठवत होत्या, आणि काय आठवत होत्या ते मला माहीत होतं. माझ्या टेबलापाशी त्या मग घेऊन उभ्या होत्या, ती सकाळ. बैठक संपली, आम्ही बाहेर पडलो. लिफ्टचं दार मिटायला लागलं तेव्हा त्यांनी माझ्यासाठी ते हाताने धरून ठेवलं.

ऑर्डर आली नाही. वरच्यांनी चौकशी केली. पिशवी इंजिनिअरांनी बनवलेली, मंजुरी वरच्यांनीच दिलेली, पण खोक्यावरची ओळ बाईंची होती. नव्या वर्षात त्यांना लवकर निवृत्ती घ्यायला सांगण्यात आलं. निरोपाचा केक कापताना त्या सगळ्यांशी हसून बोलल्या, माझ्याशीही. मी काय बोलू ते ठरवेपर्यंत दुसरं कुणीतरी त्यांना मिठी मारायला पुढे आलं.

थोड्याच दिवसांत वरच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. लोकांचा विश्वास परत मिळवायचा आहे, म्हणाले, आणि त्यासाठी खरं बोलणारं माणूस हवंय. बाईंची जागा मला देऊ केली. मी विचार करायला वेळ मागितला, पण तो नुसता मागायचा म्हणून. घरी जाताना गाडीतच मी हो म्हणायचं ठरवलं होतं.

नवरा म्हणाला, "यार, तू खोटं कुठे बोललीस? उलट धाडस केलंस."

मी म्हटलं, "धाडस परक्यासमोर केलं. त्यांच्यासमोर नाही."

महाराष्ट्र मंडळाच्या, उशिरा फेब्रुवारीत झालेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात ही गोष्ट माझ्या आधीच पोचली होती. एका काकूंनी तिळगूळ हातावर ठेवत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आपली मुलगी कशी प्रामाणिक निघाली, नोकरीची पर्वा केली नाही, आणि बघा, देवाने तिचंच भलं केलं. बायका माझ्याकडे अभिमानाने बघत होत्या. मुठीतला तिळगूळ चिकट झाला तरी मला तो तोंडात टाकवेना.

मी काम चांगलं केलं. हिरवं पान काढलं, ती ओळ काढली. पुढे जुन्या प्लास्टिकपासून पिशव्या निघायला लागल्या तेव्हा खोक्यावर तेवढंच लिहिलं, त्याहून एक शब्द जास्त नाही. ऑफिसातले बाईंचे नियम चालू ठेवले. नवीन आलेल्यांना वाटायचं की ते माझेच आहेत. एकदा एकीने त्याबद्दल माझं कौतुक केलं तेव्हा मी घाईने बाईंचं नाव सांगितलं. तिने ते नाव कधी ऐकलंच नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी मे महिन्यात मी बागेसाठी रोपं आणायला गावाबाहेरच्या एका नर्सरीत गेले. काचघरात एप्रन घातलेल्या बाई झारीने पाणी घालत होत्या. मी परत फिरले असते, पण त्यांनी मला पाहिलं होतं. त्यांनी नवऱ्याची, मुलीची चौकशी केली. मला कोणते टोमॅटो हवेत ते विचारून चांगली रोपं निवडून दिली. ती त्या स्वतः उचलून गाडीपर्यंत घेऊन आल्या, डिकीत वर्तमानपत्र पसरलं आणि ट्रे हलू नये म्हणून कडेला जुना टॉवेल दाबून बसवला. मग हात पुसत त्यांनी विचारलं,

"मी तुझ्या टेबलापाशी आले होते, त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मला तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी ती खोकी स्वतःच्या हाताने फाडली असती. तुला वाटलं मी ऐकणार नाही?"

तसं मला कधीच वाटलं नव्हतं. त्या ऐकतील याची मला खात्री होती, फक्त त्यांचा चेहरा उतरलेला मला बघायचा नव्हता. पण मराठीत जे एका दमात सांगितलं असतं ते इंग्रजीत मांडता येईना, आणि मी नुसतं म्हटलं, "मला माफ करा."

"रोपं रात्री आत घे. अजून गारठा पडेल," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेल्या. परत ये, असं त्या म्हणाल्या नाहीत.

टोमॅटो त्या वर्षी भरपूर आले. मंडळातल्या घराघरांत मी ते पिशव्या भरभरून वाटले. एक पिशवी बाईंसाठी बाजूला काढून ठेवली होती. ते टोमॅटो मऊ पडायला लागले तेव्हा मी त्यांचं सार केलं. त्यानंतर रोपं आणायला मी दर वर्षी नवऱ्याला पाठवत गेले. तो आला की मी विचारायचे, बाई होत्या का. तो म्हणायचा, होत्या, तुझी चौकशी करत होत्या. काय विचारलं, ते मी त्याला कधी विचारलं नाही.