त्रेचाळिसावी वही

आमच्या नववीच्या वर्गात बेचाळीस मुलं होती आणि वाचनवह्या त्रेचाळीस.

मी त्या दोनदा मोजल्या. मग वर्गाची मॉनिटर वैशाली हिला मोजायला लावल्या.

"सर, त्रेचाळीसच."

"नीट मोज."

"सर, गणिताच्या सरांना बोलवू का?"

मी तिला जागेवर बसवलं. इंग्रजीच्या मास्तरला कुणीही काहीही बोलतं.

माझी शाळा किन्हवलीच्या पलीकडे, साग आणि भातशेती यांच्या मधोमध आहे. व्याकरणाचे नियम घोकून इंग्रजी येत नाही, वाचून येतं, हे मत मी दरवर्षी पालकसभेत मांडतो आणि पालक ते चहाची वाट बघत ऐकून घेतात. यंदा मात्र मुंबईच्या एका गृहस्थांनी पेटीभर इंग्रजी पुस्तकं शाळेला दिली. त्यांची मुलं मोठी झाली होती. ती फक्त भुताखेतांच्या गोष्टी वाचून मोठी झाली असावीत, कारण पेटीत दुसरं काही नव्हतं. तरी मी उपक्रम सुरू केला. मुलांनी आठवडाभर पुस्तक वाचायचं, पाच नवे शब्द उतरवायचे आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य करायचं. काळ कोणता वापरायचा ते मी सांगणार. आणि वाक्य खरं हवं, स्वतःच्या घरातलं हवं. खोट्या वाक्याचा एक गुण कापणार! (हा नियम मी स्वतः केला. लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

त्रेचाळिसाव्या वहीवर नाव नव्हतं. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर होतं आणि आत मोठाली, सुटी, एकेक कोरलेली इंग्रजी अक्षरं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा पिवळा ठसा. पहिलं वाक्य असं:

"देअर इज अ मॅन इन द हाऊस."

दुसरं: "ही इज अफ्रेड ऑफ द लिझर्ड, बट ही टेल्स नोबडी."

मी बारीक खोकलो. पालीला मी भितो ही गोष्ट जगात मला आणि त्या पालीलाच ठाऊक होती.

तिसऱ्या वाक्यात हा माणूस टक्कल लपवायला केस आडवे विंचरतो आणि त्याने कोणीही फसत नाही, असं होतं. 'फसवणे' या अर्थाचा नवा शब्द अचूक वापरला होता. मी डोक्यावरून हात फिरवला आणि लाल पेनाने 'गुड' लिहिलं. मास्तर आहे मी. अपमानाचंही व्याकरण बघावं लागतं.

सोमवारी वह्या वाटल्या. बेचाळीस मुलांनी बेचाळीस नेल्या, एक टेबलावर उरली. "कुणाची आहे?" बेचाळीस माना आडव्या हलल्या. मधल्या सुट्टीत मी हात धुवायला गेलो आणि परत आलो तर टेबल रिकामं. वर्गात कुणी नव्हतं. व्हरांड्यात पुस्तकांच्या कपाटाचं दार आपसूक हलत होतं आणि त्यापलीकडे शाळेच्या स्वयंपाकघरातून धूर येत होता. तिथे माझी मोठी बहीण अक्का लहान वर्गांसाठी खिचडी रांधते. तिला विचारलं, "अक्का, इकडून कोणी गेलं का गं?"

"कोन जानार? मी तर इथंच हाय," अक्का म्हणाली आणि पातेलं ढवळत राहिली.

पुढच्या शनिवारी गठ्ठ्यात पुन्हा त्रेचाळीस.

"आय स्टँड बिहाइंड द मॅन एव्हरी डे. ही नेव्हर सीज मी."

मी मागे वळून पाहिलं. भिंत होती. दुपारचे चार वाजले होते, मुलं घरी गेली होती आणि मैदानावर सागाचं एक पान उगाचच इकडून तिकडे चाललं होतं. मराठीत लिहिलं असतं तर क्रियापदावरून निदान बाई की पुरुष एवढं तरी कळलं असतं. इंग्रजी भुताच्या बाबतीत तीही सोय नाही!

मी अंधश्रद्धेचा कट्टर विरोधक आहे. शाळेत दरवर्षी त्यावर माझं भाषण असतं. म्हणून मी या प्रकाराचा शास्त्रशुद्ध तपास केला, म्हणजे घरी जाऊन माजघरातला दिवा दिवसाही चालू ठेवला. घरी आम्ही तिघंच. मी, बायको सुनंदा आणि अक्का. मुलगा पुण्याला नोकरीला. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती नववीत असताना आई अंथरुणाला खिळली, भाकऱ्या कोण थापणार असा प्रश्न आला आणि अक्का शाळेतून घरी बसली. त्या भाकऱ्या खाऊन मी बी.ए. झालो. पुढे तिचं लग्न झालं, ते दोन वर्षांत मोडलं, आणि ती परत आली ती कायमची.

तिसऱ्या आठवड्यात मी भविष्यकाळ दिला. ही माझी मोठीच चूक झाली, कारण वहीने भविष्य सांगायला सुरुवात केली.

"शुक्रवारी माणूस चष्मा शोधेल. चष्मा त्याच्या कपाळावर असेल."

शुक्रवारी मी अर्धा तास चष्मा शोधला. सुनंदाने माझ्या कपाळाकडे बोट दाखवलं, तेव्हा मी खाली बसलो.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग घाम कसला?"

"उकडतंय."

"बाहेर धो धो पाऊस आहे अहो!"

शनिवारच्या वहीत शेवटचं वाक्य होतं: "ऑन मंडे, अर्ली इन द मॉर्निंग, द वुमन विल व्हॅनिश."

सोमवारी पहाटे बाई नाहीशी होईल. आणि खाली तो पिवळा अंगठा. मी तो हुंगला. हळद! पितृपंधरवडा चालू होता. घरात बायका दोन. कोणती जाणार, हे काही त्यात लिहिलं नव्हतं.

मी थेट मोटरसायकल काढली आणि मुरबाडवरून सिद्धगडाच्या पायथ्याला गेलो. तिथल्या एका पाड्यावर एक वयस्क भगत आहेत. (लोकसंस्कृतीचा अभ्यास म्हणून गेलो होतो. अभ्यासासाठी नारळ घेतला होता.) गडावर ढग उतरला होता. पाड्यात शिरलो तर कुत्रंसुद्धा भुंकलं नाही, नुसतं माझ्या मागे कुणीतरी असल्यासारखं माझ्या खांद्यापलीकडे बघत राहिलं. भगत ओट्यावर बसून टोपली विणत होते. मी वही वाचून दाखवली, अर्थ सांगितला. त्यांनी अंगठ्याच्या ठशावरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"घरातलीच बाय हाय," ते म्हणाले. "तिचा शिकायचा ऱ्हायलाय."

मी वही मिटली. "मग उपाय काय?"

"तुमी मास्तर हाव ना?"

"हो."

"मंग वही तपासा. तिला तेवढाच पायजे."

"आणि अंगारा वगैरे काही?"

"मी काय देऊ? लाल पेन तुमच्यापाशी हाय." आणि नारळ ठेवून घेऊन ते पुन्हा टोपली विणू लागले.

परतीच्या वाटेवर मी विचार केला. घरातली बाई, शिक्षण अर्धवट राहिलेली. आमच्या घराण्यातल्या मेलेल्या बायकांपैकी शिक्षण पूर्ण झालेली एकही नव्हती, त्यामुळे संशयितांची यादी फार लांबली. आजी, पणजी, दोन आत्या, तीन चुलत्या! जिवंत बायकांकडे वळण्याचं मला सुचलं नाही.

रविवारी पितरांचं पान वाढलं तेव्हा वडा, खीर आणि भाताशेजारी मी हळूच एक नवी पेन्सिल ठेवली.

"पेन्सिल कशाला?" सुनंदा म्हणाली.

"शास्त्रात आहे."

"कुठल्या?"

कावळा आला. त्याने वडा उचलला, पेन्सिलीकडे एक डोळा करून पाहिलं आणि उडाला. पेन्सिल अक्काने उचलली, पदराला पुसली आणि आत नेली. मी पाहिलं. काही म्हणजे काही कळलं नाही मला.

सोमवारी मी रजा टाकली. पहाटे पाचला पुढच्या दाराला कुलूप लावलं, मागच्या दाराला कुलूप लावलं, किल्ल्या खिशात घातल्या, वरच्या खिशात लाल पेन अडकवलं आणि ओटीवर खुर्ची टाकून बसलो. साडेसहाला अक्का आतून आली. मोतिया रंगाचं ठेवणीतलं पातळ, हातात कापडी पिशवी.

"दिनू, दार उघड. मला शहापूरला जायाचाय."

"आज कुणी कुठे जायचं नाही."

"का रे?"

"मी सांगतो म्हणून."

"सातची एसटी चुकंल माझी!"

"चुकू दे."

"आज शेवटचा दिवस हाय रे!"

शेवटचा दिवस! मी किल्ल्यांचा खिसा घट्ट धरला. "म्हणूनच सोडत नाही!" मी ओरडलो.

सुनंदा मध्ये पडली. "अहो, जाऊ द्या त्यांना. फार महत्त्वाचं काम आहे."

"जिवापेक्षा महत्त्वाचं?"

अक्काने माझ्याकडे नुसतं पाहिलं. लहानपणी माझं नाक पुसताना बघायची तसं. मग ती आत गेली.

दहा मिनिटं झाली. घर एकाएकी गप्प झालं. भांडं वाजेना, बांगडी वाजेना. "अक्का?" उत्तर नाही. मी आत धावलो. चुलीवर चहा उकळत होता, पाट मांडलेला होता, अक्का नव्हती. माजघरात नाही, न्हाणीत नाही. मागच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं. सुनंदा भिंतीला टेकून उभी होती आणि तोंडावर पदर धरून थरथरत होती. (ती हसत होती, हे मला नंतर कळलं.)

खिडकीतून पाहिलं तर भाताच्या खाचरांवर धुकं साचलेलं, आणि त्या धुक्यातून एक पांढरी आकृती कमरेपर्यंत बुडालेली, पायच नसल्यासारखी, तरंगत तरंगत चालली होती.

दार कसं उघडलं आठवत नाही. लाल पेन पुढे धरून बांधावरून धावत सुटलो. "थांब! कोण आहेस तू? माझ्या अक्काला सोड!"

आकृती थांबली. वळली नाही. धुक्यातून आवाज आला, संथ, एकेक शब्द सुटा:

"व्हाय आर यू फॉलोइंग मी?"

मी बांधावरून सरळ चिखलात गेलो. तोंडघशी!

"दिनू, ऊठ रे! लोकांचा भात मोडशील!"

डोळ्यांतला चिखल काढला. समोर अक्का, पायांसकट.

"अक्का... तू?"

"मंग कोन? पंजी आली तुझी?"

"तू बाहेर कशी आलीस?"

"गोठ्यातनं. पेंढा टाकायच्या खिडकीतनं." (आमच्या घराला तिसरी वाट आहे हे मला ठाऊक नव्हतं. जन्मात कधी गोठ्यात काम केलं असतं तर ठाऊक झालं असतं.)

"आणि ती वही?"

"माजी. खिचडी रटरटते तवर कपाटातलं पुस्तक वाचते. दहावीला बाहेरनं बसायचाय मला. सतरा नंबरचा फॉर्म. कागद द्यायचा आज शेवटचा दिवस, एक वाजेपर्यंत."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर हसला असतास."

"मी?"

"सुनंदाच्या मोबाइलमधल्या स्पेलिंगला जेवताना हसलास. तिनं लिवायचंच सोडलं. मला वही तपासून पायजे होती. नाव नसलं का तू बरा तपासतोस." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "'गुड' लिवलास. मी चारदा वाचला."

मी चिखलात बसून राहिलो. उठावंसंच वाटेना. तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न वाजला आणि धुक्यात दोन दिवे निघून गेले.

"गेली एसटी," अक्का म्हणाली. "दुसरी बाराला. गेला माजा फॉर्म."

मी उठलो. मोटरसायकल अंगणातच होती, पण तिची किल्ली खिशात नव्हती. चिखलात हरवली होती. कुलपांच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच! आणि दार? घाबरून धावताना मी ते ओढलं होतं आणि कुलूप आपोआप बसलं होतं. सुनंदाने खिडकीतून मोटरसायकलची दुसरी किल्ली टाकली.

"आणि मी?" ती आतून ओरडली.

"तू गोठ्यातून ये!"

वाटेत शेणाने घसरलो, रेल्वे फाटकाला अडकलो, फॉर्म घेणाऱ्या शहापूरच्या शाळेत पोचलो तेव्हा खिडकीशी ही रांग. पाऊण वाजता अक्काचा नंबर लागला. कारकुनाने कागद पाहिले, शिक्का मारला. मग माझ्याकडे नजर गेली. डोक्यापासून पायापर्यंत वाळलेला चिखल, खिशाला लाल पेन, आडवे विंचरलेले केस उभे.

"बाई, हे कोण?"

अक्काने विचार केला. "हा होय? घरातला माणूस."

आता वही उघडपणे येते, कव्हरवर नावासकट. गेल्या शनिवारी शेवटचं वाक्य होतं, "द मॅन इज व्हेरी ब्रेव्ह." काळ बरोबर, शब्दक्रम बरोबर. मी 'गुड' लिहायला पेन टेकवलं. पण वाक्य खरं हवं, हा माझाच नियम. एक गुण कापला.

अक्काने वही पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

"मुद्दाम लिवला व्हता," ती म्हणाली. "म्हटला बघू, नाव असलं तरी नीट तपासतोस का."