कोपऱ्यात उभा असलेला

काही प्रकरणांचे कागद मिटतात, पण प्रकरण मिटत नाही. सौदीतल्या रास अल खैरचं ते असंच.

महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झाल्यावर मी तिथल्या एका कामगार-कॅम्पवर सुरक्षा अधिकारी होतो. एका शुक्रवारी भर दुपारी कॅम्पच्या दवाखान्यातून सांगलीच्या सिस्टरचा फोन आला. तिथे एक पाइप-फिटर खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाहेर डोळे फोडणारं ऊन.

"साहेब, एवढं धुकं कुठून आलं हो?" तो शांतपणे म्हणाला.

सिस्टरने मला बाजूला घेतलं. "खोलीवाले म्हणतात, ऊन लागलं. मला पटत नाही. काय प्यायलाय ते काढा, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलला कळवता येईल. लवकर, साहेब."

मी त्याच्या खोलीवर गेलो. त्याचे दोन सोबती, एक म्हातारा वेल्डर आणि एक तरुण फिटर, दोघेही सिंधुदुर्गातले, खाटेवर बसून होते. पडदे ओढलेले. कोपऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी लपेटून आणखी कोणीतरी उभं होतं.

"ए, पुढे ये," मी दरडावलं. हललं नाही. जवळ गेलो तर आतून श्वासासारखा बारीक आवाज येत होता. खांद्यावर हात ठेवला आणि चटका बसला. खांदा कसला, तो पत्रा होता. खाली टाकी, वर उंच नळकांडं. ऊब वाया जाऊ नये म्हणून घोंगडी. हातभट्टी!

तिथूनच सिस्टरला फोन करायला हवा होता. पण बाहेरच्या पोलिसांना कळण्याआधी प्रकरण हातात पक्कं असावं, ही माझी जुनी खोड. मी दार लावलं. "कोणी बांधली?"

"माका ठावक नाय," वेल्डर म्हणाला. दीड तास दुसरं उत्तर नाही. इथे दारू सापडली की तुरुंग आणि मग घरी रवानगी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कारागीर मार सोसतो, कामाला ठेवलेलं नाव सोसत नाही. मी नळकांडं न्याहाळत म्हटलं, "जोड कच्चे आहेत."

"कच्चे?" फिटर उसळला. "एक थेंब गळलेलो दाखवा! पयली अर्धी वाफ फुकट जाय. मी सुधारलंय."

"सुधारलंस?" म्हातारा ओरडला. "पयली धार राखणदाराची. ती भायर ओतूची लागता. ह्यान ती बंद केल्यान!"

"राखणदाराक हय रवाचो इकामो कोणी दिल्यान, काका? वाया कित्याक घालवू? दर खेपेक तीच परत टाकीत घालतंय."

हातभट्टीच्या पहिल्या धारेतच डोळे घालवणारं विष उतरतं. गावच्या राखणदार देवाच्या नावाने हे लोक जे विष पिढ्यान्‌पिढ्या मातीत ओतत आले, ते त्या पोराने काटकसर म्हणून खेपेगणिक साठवलं होतं. आणि आदल्या दिवशी पहिली धार प्यायला मिळाली होती दवाखान्यातल्या त्या मित्राला, मान म्हणून.

मी लगेच सिस्टरला फोन केला. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. "दीड तास आधी कळतं तर डोळ्यांचंही बघता आलं असतं," ते म्हणाले.

माणसं गुन्हेगार असतात म्हणून गप्प बसत नाहीत, घाबरलेली असतात म्हणून बसतात. ती भीती कायद्याने, कंपनीने आणि माझ्यासारख्यांनी त्यांच्यात भरलेली असते. सिस्टरने विचारलं होतं, काय प्यायला. मी विचारत बसलो, कोणी बांधली.

पुढे दृष्टी गेलेल्या त्या मित्राला मायदेशी पाठवताना तरुण फिटरने कागद वाचून दाखवला आणि त्याचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं. सफाईदार सही करणाऱ्या त्या माणसाने माझ्यासमोर अंगठा उमटवला.