शर्लीबाईंची गाडी आणि माझा रिपोर्ट

मी एका निवृत्त मुख्याध्यापिकेवर, त्यांच्याच दारात, त्यांनीच केलेलं बिस्कीट खाता खाता, फसवणुकीचा आरोप केलेला आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधल्या बऱ्याच मराठी घरांत ही गोष्ट आता माझ्याआधी पोहोचलेली असते, तेव्हा म्हटलं, एकदा मूळ गुन्हेगाराकडूनच ऐका.

आमच्याकडे एकच गाडी होती. बायको मेघना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि आमची तेरा वर्षांची ईरा शाळा, स्विमिंग आणि मैत्रिणी यांच्यात वाटली गेलेली. रोज सकाळी कोण कोणाला कुठे सोडणार यावर घरात गोलमेज परिषद भरायची आणि कोणीतरी सभात्याग करायचं. शेवटी दुसरी गाडी घ्यायचं ठरलं.

"मी बघतो," मी म्हणालो. मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचाच मला पगार मिळतो.

मला गाडी हवी होती ती आमच्याच गाडीच्या कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच चंदेरी रंगाची, फक्त जरा नवी.

"रंग तरी दुसरा घे," मेघना म्हणाली.

"सवयीची बटणं असलेली बरी."

"बटणांचा आणि रंगाचा काय संबंध, मंदार?"

संबंध नव्हता, म्हणून मी विषय बदलला.

जाहिरातीत शर्लीबाईंची गाडी सापडली. आता, इथे प्रत्येक गाडीची ठरावीक मुदतीने तपासणी होते आणि ती पास झाली की वॉरंट मिळतं. (पुण्याहून आलेल्या माणसाला वॉरंट म्हटलं की आधी पोलीस आठवतात. पहिल्या वर्षी मला वॉरंट संपत आल्याचं पत्र आलं तेव्हा मी दार आतून लावून घेतलं होतं.) गाडी कधी पास झाली, कधी नापास, कशामुळे, तेव्हा किती किलोमीटर झाले होते, हे सगळं नंबरप्लेट टाकली की ऑनलाइन बघता येतं. शनिवारी निघायच्या दहा मिनिटं आधी मी लॅपटॉप उघडला. प्लेटचं पहिलं अक्षर टाइप केलं, तर ब्राउझरने पुढचा सगळा नंबर आपणहून भरून दिला. मला त्याचं कौतुक वाटलं. (का वाटलं, हा प्रश्न मेघनाने नंतर तीन वेळा विचारला.)

रिपोर्ट वाचून मी हादरलो. नापास, नापास, पास, पुन्हा नापास. मी तो छापला, पिवळ्या हायलायटरने रंगवला आणि एका फाइलमध्ये घातला. मेघनाला काहीच सांगितलं नाही. म्हटलं, समोरच उलगडा करू. जरा छाप पडेल.

शर्लीबाई सत्तरीच्या पुढच्या, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. "किया ओरा, या या," असा माओरी नमस्कार करून त्यांनी बिस्किटांची ताटली पुढे केली. रिटायरमेंट व्हिलेजमध्ये राहायला जाणार होत्या, म्हणून गाडी विकायची होती. गाडी ड्राइव्हवेत धुऊनपुसून उभी होती.

आम्ही तिघं गेलो होतो, आणि मी तयारीनिशी. टॉर्च, मोज्यात गुंडाळलेलं लोहचुंबक (पत्र्याऐवजी कुठे लांबी भरलीय का ते बघायला), आणि ईराची योगा मॅट. मॅट अंथरून मी गाडीखाली शिरलो. तिथे मला गाडीची खालची बाजू दिसली. यापलीकडे त्यातलं मला काही कळलं नाही. तरी मी तीनदा "हं" म्हणालो आणि चौथ्यांदा जरा लांबवून "हंऽऽ" म्हणालो.

"काही प्रॉब्लेम आहे का?" शर्लीबाईंनी वाकून विचारलं.

"बघू," मी खालूनच म्हणालो.

तोवर मेघनाने बाईंना शेजारी बसवून एक चक्कर मारून यावी, असं ठरत होतं. माझे पाय मध्ये येत होते म्हणून ते अडलं होतं. मी बाहेर निघालो, त्या दोघी चक्कर मारून आल्या. मेघना उतरली ती हसतच. "मस्त चालते रे."

हीच ती वेळ, असं मला वाटलं. मी फाइल उघडली.

"मॅडम, पुढचा डावा टायर झिजल्यामुळे ही गाडी नापास झाली होती, हे तुम्ही जाहिरातीत लिहिलं नाहीत."

"झाली होती?" बाई गोंधळल्या.

"मग ब्रेकलाइट बंद म्हणून. मग वायपर फाटका म्हणून. मागचा सीटबेल्ट अडकतो म्हणून."

"सीटबेल्ट?" त्या गाडीकडे बघायला लागल्या. "मागे तर कोणी बसतच नाही. हल्ली मी विसरते खरी, पण इतकं..."

त्यांचा चेहरा उतरला. इथे कोणत्याही भल्या माणसाने थांबायला हवं होतं. पण मी पानाच्या मध्यावर होतो आणि हायलायटर अजून पुष्कळ बाकी होता.

"एकदा तर पाच आठवडे ही गाडी वॉरंटशिवाय रस्त्यावर फिरत होती," मी आवाज चढवून म्हणालो. "ज्या माणसाने ही गाडी अशी वापरली, त्याला घरच्यांच्या जिवाची काही पर्वा नाही, असं मला खेदाने म्हणावं लागतं."

"मंदार, हळू," मेघना म्हणाली.

"आणि आता हे बघ." मी गाडीत वाकून काचेमागचा आकडा दाखवला. "इथे ब्याऐंशी हजार किलोमीटर. रिपोर्टमध्ये एक लाख चौसष्ट हजार. मीटर मागे फिरवलाय."

शर्लीबाई वळून घरात गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या एक जाड फोल्डर घेऊन आल्या. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक सर्व्हिसिंगचा, प्रत्येक तपासणीचा कागद तारखेप्रमाणे लावलेला. एकही नापास नाही. आवाज मुख्याध्यापिकेचाच होता.

"तुमच्या कागदावरची प्लेट जरा वाचून दाखवाल का?"

मी वाचणार, एवढ्यात ईराने कागद माझ्या हातातून घेतला. तिला मराठी सगळं कळतं, पण संकटात ती इंग्रजीच बोलते.

"बाबा, धिस इज अवर कार."

मी प्लेट वाचली. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे बघितलं. पुन्हा वाचली. दर वेळी गॅरेजवाला जो कागद द्यायचा, तो मी न वाचता डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबत आलो होतो. त्या सगळ्या कागदांचं मी आता जाहीर वाचन केलं होतं.

मेघनाने कागद घेतला. तिचं बोट पिवळ्या ओळींवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"पाच आठवडे वॉरंट नव्हतं?" ती अगदी शांतपणे म्हणाली. "मी हिला रोज स्विमिंगला नेत होते तेव्हा? तू म्हणालास, पास झाली, एकदम मस्त, स्वीट ॲज."

"म्हणजे... झाली ना. नंतर."

मी शर्लीबाईंची माफी मागितली. आधी इंग्रजीत, मग घाबरून मराठीत, मग हात जोडून. त्या खाली बसल्या आणि पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. "मला वाटलं, माझं डोकंच गेलं," त्या म्हणाल्या. हे ऐकून मला जे वाटलं, ते गमतीत सांगण्यासारखं नाही. मेघना त्यांच्याजवळ बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ माझ्याबद्दल काय काय बोलत राहिली. बाई हळूहळू हसायला लागल्या. मी योगा मॅटची गुंडाळी करत होतो. ती मी चार वेळा केली.

"गाडी मी विकेन," शेवटी शर्लीबाई म्हणाल्या, "पण मेघनाला. हिच्याच नावावर."

कोणाचीच हरकत नव्हती. माझं मत विचारण्यात आलं नाही. कागदपत्रं झाली, मेघना स्टिअरिंगवर बसली, ईरा मागे. शर्लीबाई खिडकीशी वाकल्या आणि मला नीट ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "गाडीची काळजी करू नकोस, ती उत्तम आहे. पण याला घेण्याआधी तू काही तपासलं होतंस का गं?"

"आमच्याकडे पत्रिका बघतात," मेघना म्हणाली. "तीही एक प्रकारचा रिपोर्टच. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते. एकदम क्लीन."

मागच्या सीटवरून ईराने विचारलं, "आर यू शुअर इट वॉज हिज?"

दुसऱ्या दिवशी चिंचवडला आईला फोन केला, तेव्हा मी सहज म्हणून पत्रिकेचं विचारून घेतलं.