गोळ्या बंद केल्यावरचे चार महिने

पहिल्या मुलीच्या वेळी मी मरता मरता वाचले. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, निदान दोन वर्षं दुसरं नको. पाळणा लांबवायला लूप बसवणारी सरकारी गाडी गावात येऊन गेली होती, पण मला त्याची धास्ती वाटे. मग बाईंनी गोळ्या दिल्या. आमच्या बोरी अरबकडे तेव्हा असल्या गोळ्या कोणी पाहिल्याही नव्हत्या.

पाळीच्या पाचव्या दिवसापासून एकवीस दिवस, रोज एक. मला ते सोपं गेलं. आमच्यात चार दिवस पडवीत वेगळं बसायचं आणि पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. न्हाऊन आले की पहिली गोळी. ह्यांना माहीत होतं, सासूबाईंनाही ह्यांनीच सांगितलं होतं. दोन वर्षं दर अठ्ठावीस दिवसांनी मी पडवीत, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

मुलगी धावू लागली तेव्हा गोळ्या बंद केल्या. मला दुसरं लेकरू हवं होतं, मनापासून हवं होतं. पुढच्या महिन्यात पाळी आली नाही. पडवीतली जागा रिकामी राहिली की घरात कोणाला काही सांगावं लागत नाही. सासूबाईंनी माझ्या हातून पाण्याचा गुंड काढून घेतला. थोरल्या जाऊबाईंनी चिंचा आणून दिल्या. त्यांना पाच लेकरं, तेव्हा त्यांना सगळं कळतं असं आम्ही धरून चालायचो. मीही दिवस गेले असंच धरलं.

तीन महिने झाले तरी ना मळमळ, ना काही. यवतमाळला गेले. बाईंनी तपासलं आणि पोटात काही नाही म्हणाल्या. दोन वर्षं पाळी म्हणून जे येत होतं ते गोळीचं होतं. तुझ्या अंगाला आपलं काम पुन्हा सुरू करायला वेळ लागेल, कोणाला महिना लागतो, कोणाला चार-पाच. सहा महिन्यांत आली नाही तर परत ये.

हे मला पटलं, पण घरी सांगायला तोंड उघडेना. एवढंच सांगितलं की दिवस गेलेले नाहीत. गुंड पुन्हा माझ्या कमरेवर आला. विहिरीवर जाऊबाई बायांना सांगत होत्या, मला ऐकू येईल अशा बेतानं:

"कपाशीवर पावडर मारते ना, तशी पोटात मारली इनं. आता कायची बोंडं लागते?"

बाया हसल्या. मी दोर ओढत राहिले.

चौथ्या महिन्यात कापूस वेचताना ओळखीची कळ आली. कापसाची ओटी रिकामी केली, घरी आले आणि पडवीत जाऊन बसले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "काहून हासतं वं?"

"हे माहं आहे," मी म्हटलं. "गोळीचं नोहे."

सासूबाईंसमोर मी स्वतःहून इतकं कधीच बोलले नव्हते. त्यांनी पुन्हा विचारलं. मग बाईंनी सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं, खाली मान घालून, पण सगळं. त्या उंबऱ्यात बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

पुढची पाळी चाळीस दिवसांनी आली, तिच्या पुढची तेहेतीस दिवसांनी. मग थांबली. या खेपेला मी कोणाला काही धरून चालू दिलं नाही. एक दिवस फोडणीच्या वासानं मी गोठ्यामागे पळाले. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आल्या आणि माझी पाठ चोळत राहिल्या.

दुसरीही मुलगीच झाली, नीट, त्रास न होता. बाराव्या दिवशी जाऊबाई माझ्या बाजेपाशी येऊन बसल्या. बाळाचं टोपडं उगाच सारखं करत हळूच म्हणाल्या, "थ्या गोळ्या मले चालतीन का वं?"

मी उत्तर देण्याआधी चुलीजवळून सासूबाई बोलल्या, "इच्यासंगं जाय यवतमाळले. इले समजते सारं."

सव्वा महिना झाल्यावर आम्ही दोघी बाळाला घेऊन एस.टी.नं निघालो. खिडकीजवळची जागा जाऊबाईंनी मला दिली.