नववीच्या वर्गातली दोरी

कंपनी सोडून बी.एड.ला जातो म्हटल्यावर सांगवीच्या माझ्या सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पर्मनंट होतात हो तुम्ही." भूतकाळात म्हणाले. सुतकात भेटायला गेल्यावर लोक बोलतात तसा आवाज. स्वतः पिंपरीतल्या कंपनीत आयुष्य काढून निवृत्त झालेले; त्यांच्या लेखी पर्मनंट नोकरी सोडणारा जावई आणि चालत्या गाडीतून उडी मारणारा माणूस यांत फरक नव्हता. बायको मात्र म्हणाली, कर. घर तिच्या पगारावर चालणार होतं. त्यामुळे नापास व्हायची मला सोयच नव्हती. नापास झालो असतो तर वर्ष गेलं असतं ते वेगळं, पण सासरे बरोबर ठरले असते. ते जास्त लागलं असतं.

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिपला मला चाकणच्या पुढची एक माध्यमिक शाळा मिळाली. ज्या रस्त्यानं मी वर्षानुवर्षं कंपनीच्या बसमध्ये झोपून गेलो होतो, त्यालाच लागून. भिंतीपलीकडे ट्रेलरची रांग, आणि शिफ्ट सुटली की हॉर्न इतके, की शिकवणं थांबवून सगळ्यांनी एकमेकांकडे बघत बसायचं. वर्ग नववीचा, विषय गणित. निम्मी मुलं गावातली, ज्यांच्या शेतांवर आता शेड उभ्या आहेत. निम्मी लातूर, बीड, बुलढाण्याकडून आलेल्यांची. आईबाप बहुतेकांचे कंपनीत, कंत्राटी. माझ्यावर देखरेखीला वर्गाच्या गणिताच्या बाई होत्या, लातूरकडच्या. त्या मागच्या बाकावर बसून माझे पाठ बघायच्या आणि फार बोलायच्या नाहीत.

आता माझी अक्कल बघा. मी गाडीचे दरवाजे बसवणाऱ्या लाइनवर होतो. तिथे डोक्यावरून एक दोरी जाते. काही अडलं, बोल्ट बसेना, की कुणीही ती ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर पळत येतो, आणि त्यालाही नाही जमलं तर लाइन थांबते. चुकलेला दरवाजा पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढंच तत्त्व. तिला एक जपानी नावही आहे, आम्ही दोरीच म्हणायचो. मला वाटलं, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या एकाही पुस्तकात नाही, म्हणजे मीच पहिला. पिंपरी कॅम्पाच्या बाजारातून पितळी घंटा आणली, पिवळी नायलॉनची दोरी आणली. घंटा फळ्याजवळ टांगली आणि तिथून पंख्याच्या हुकावरून, मुलांच्या डोक्यांवरून, खिडकीच्या गजापर्यंत दोरी फिरवली. नाही कळलं की ओढायची, मी सांगितलं. वर्ग थांबेल आणि मी तुमच्याकडे येईन.

"काय करायलाव सर हे?" बाईंनी विचारलं. मी तत्त्व सांगितलं. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

घंटा वाजली नाही. पहिल्या दिवशी नाही, पहिल्या आठवड्यात नाही, नंतरही नाही. मी शिकवतोय, दोरी वाऱ्यानं हलतेय आणि सगळा वर्ग शहाण्यासारखा माना डोलवतोय. लाइन न थांबता चालली याचा कंपनीत एकच अर्थ होतो. मी कॉलेजात सांगत सुटलो. जुन्या शिफ्टमधल्या दोस्तांना भोसरीच्या टपरीवर गाठून सांगितलं. सासऱ्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "घंटा बिघडलेली नाही ना, ते बघा आधी." मला राग आला. दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा असताना गुपचूप ओढून पाहिली. वाजत होती.

मग मी चाचणी घेतली आणि हादरलो. पेपर तपासताना वाटलं, चुकून दुसऱ्याच वर्गाचा गठ्ठा आलाय. बहुपदी शिकवून झाल्या होत्या, गृहपाठ झाले होते, आणि साध्या गुणाकारात अधिक-वजाची चिन्हं कुणी मूठभरून उधळावीत तशी पडली होती.

मधल्या सुट्टीत गावातला एक पोरगा गाठला. वर्गात सगळ्यांत मोठ्यांदा बोलणारा तोच. अरे, कळत नव्हतं तर दोरी का नाही ओढली?

डबा बंद करत तो म्हणाला, "आन् नाव वर गेलं म्हंजे?"

वर म्हणजे कुठे, असं मी विचारल्यावर त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. मग सांगितलं. त्याचे वडील कंत्राटी. एकदा बोल्ट बसेना म्हणून त्यांनी दोरी ओढली. लीडर आला, मिनिटभर लाइन थांबवून काम झालं, कुणी ओरडलंसुद्धा नाही. कुणामुळे लाइन थांबली एवढं फक्त विचारून घेतलं. पुढच्या महिन्यात कंत्राटदारानं त्यांना बोलावलंच नाही. "तवापासनं घरी सांगून ठिवलंय, दोरीला हात लावायचा न्हाई. सगळ्यांच्याच घरी हाय की, सर. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या दोरीखाली उभा होतो, मनात येईल तेव्हा ओढत होतो, आणि शेजारचा माणूस कधीच का ओढत नाही हा प्रश्न मला पडला नव्हता. पर्मनंट होतो ना. सासऱ्यांचा तो शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असंल. कंपनीतले ना तुम्ही?"

वर्गात जाऊन मी शपथेवर सांगितलं, इथे कुणाचं नाव वर जात नाही, मुळात वर मलाच कुणी विचारत नाही. मुलं एका सुरात हो सर म्हणाली. दोरी जिथल्या तिथे.

आणि अंतिम पाठ आला. बाहेरच्या परीक्षक येऊन मागच्या बाकावर बसणार, आणि पाठ आपण लिहून दिलेल्या टाचणाप्रमाणे सुरू होऊन टाचणाप्रमाणेच संपला पाहिजे: प्रस्तावना, विषय, सराव, गृहपाठ. यात घसरलं की संपलं. त्याच दिवशी माझी इंटर्नशिपही संपत होती. आदल्या दिवशी मला भलतीच शंका आली. जी घंटा वाजावी म्हणून इतके दिवस झुरत होतो, ती नेमकी उद्याच वाजली तर? मी वर्गाला सांगून टाकलं, बाबांनो, एक उद्याचा दिवस दोरीला हात लावू नका. मुलं हो सर म्हणाली. या वेळी त्या सुरात समाधान होतं. सर शेवटी शहाणे झाले.

परीक्षक बाई आल्या. निवृत्त प्राचार्या, चष्मा नाकाच्या टोकावर. प्रस्तावना झक्क झाली. चाचणीत आपटलेला बहुपदींचा गुणाकार पुन्हा फळ्यावर मांडला, वजा गुणिले वजा अधिक असं म्हणत पुढे सरकलो, आणि घंटा वाजली.

मला वाटलं वारा. वळून पाहिलं तर खिडकीकडची एक मुलगी उभी होती, जिचा आवाज मी तोवर हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. हात अजून दोरीवर. तिनं आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, हजेरी क्रमांकासकट. वर जायचंच असेल तर नीट जाऊ दे, अशा थाटात. मग म्हणाली, "सर, नाही कळलं."

"कुठपासून?"

"पहिल्यापासून."

मी खडूनं उदाहरणाची पहिली ओळ दाखवली.

"तिथून नाही सर. तुम्ही आलात तेव्हापासून."

कुणीही हसलं नाही. तेच भयंकर होतं. परीक्षक बाईंचं पेन थांबलं. माझ्या हातातून टाचण खाली पडलं आणि ते उचलायचंही मला सुचलं नाही. कंपनीत दोरी ओढणाऱ्याला आधी थँक्यू म्हणायचं असतं, मग काय झालं ते विचारायचं. ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं. तोंडातून तेच निघालं.

वजा गुणिले वजा अधिक का होतं, तिथे तिचं अडलं होतं. आणि का होतं ते मलाही ठाऊक नव्हतं. मला छडी मारून नियम शिकवला होता, मी दोरी बांधून तोच शिकवला. काहीतरी लिहायचं म्हणून लिहीत गेलो. वजा तीन गुणिले दोन, वजा सहा. गुणिले एक, वजा तीन. गुणिले शून्य, शून्य. दर वेळी उत्तर कितीनं वाढतंय? तीननं, वर्ग म्हणाला. मग आता गुणिले वजा एक? विचारता विचारता उत्तर माझ्याच डोळ्यांसमोर उभं राहिलं. ती मुलगी सावकाश म्हणाली, "मग तीनच की. अधिक." मी फळ्याकडे बघत राहिलो. वजा गुणिले वजा मला त्या तासाला कळलं, राव.

घंटा पुन्हा वाजली. मधल्या सुट्टीतला तो पोरगा. मग भिंतीकडून कुणीतरी. तास संपला तेव्हा सराव झाला नव्हता, गृहपाठ झाला नव्हता, आणि टाचण अजून जमिनीवरच होतं.

परीक्षक बाई पुढे आल्या आणि मला सोडून थेट त्या मुलीकडे वळल्या. "खरं सांग. घंटा, प्रश्न, हे सगळं सरांनी पढवून ठेवलं होतं ना?"

त्यांचं चुकलं नव्हतं. अंतिम पाठासाठी वर्गाला उत्तरं पढवून ठेवणं ही आमच्याकडची जुनी रीत. त्यांना वाटलं, हा प्रश्नही पढवणारा निघाला. आयुष्यात एकच पाठ खरा झाला होता आणि तोच नाटक ठरत होता.

"नाही बाई," मुलगी माझी बाजू घेत म्हणाली. "सरांनी तर काल सांगितलं होतं, उद्या दोरीला हात लावायचा नाही म्हणून."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याच्या हुकाकडे पाहिलं.

"मग का ओढलीस?"

"आज सरांचा शेवटचा दिवस ना. उद्या दोरी काढतील."

परीक्षक बाई दारापर्यंत जाऊन थांबल्या आणि मला म्हणाल्या, "पाठ पुरा झालेला नाही तुमचा." मी म्हटलं, नाही झाला. "करा मग," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढे निकाल लागला, पास झालो. गुण इतके काठावरचे, की सासऱ्यांना फक्त पास एवढंच सांगितलंय. त्यांनी विचारलं, "घंटा वाजली का शेवटी?" वाजली, म्हटलं. "मग ठीक," म्हणाले.

पण त्या दिवशी मी नापासच आहे असं धरून चाललो होतो. मुख्याध्यापकांकडे जाऊन विचारलं, इंटर्नशिप संपली तरी थोडे दिवस येऊ का? लातूरच्या बाई तिथेच होत्या. म्हणाल्या, "उद्या शनिवार, सकाळची शाळा हाय. लवकर या."

शनिवारी ट्रेलरच्या रांगेतून वाट काढत मी पोचलो. अजून फाटकातच होतो, गाडी स्टँडला लावत होतो, तेवढ्यात नववीच्या वर्गातून घंटा ऐकू आली.