पाखले गेले कुठे?

मंडळी, आज माझी अब्रू वाचली, आणि ती वाचवली नववीतल्या, हरमल गावच्या रेश्माने.

वर्गात गोवामुक्तीचा धडा चालू होता. शेवटच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब वही उघडून बसलेले. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, पुस्तकातला ‘पोर्तुगीज’ सोडून मी घरातला शब्द वापरला. “एकसष्ट साली पाखले कुठे गेले?”

रेश्मा उठली. “गेले खंय, टीचर? दोघे आमच्याच खोलीत रवतत!”

वर्ग खिदळला. किनाऱ्यावरच्या हरमलला आता घरोघरी भाड्याने खोली घेणारा कुठलाही गोरा पर्यटक पाखलोच, हे मी विसरलेच होते. साहेबांचं पेन चालू लागलं. अहवालात ‘पोर्तुगीज अद्याप हरमलात’ असं जाणार, याची मला खात्री पटली.

मी घाईघाईने विचारलं, “अगो, मग तेव्हाच्या आणि आताच्या पाखल्यांत फरक काय?”

“ते न इचारता घुसले. ह्यांका आमची आजी पासपोर्ट बघल्याशिवाय चावी देणा नाय.”

साहेब हसले. लिहिलेलं खोडून म्हणाले, “सार्वभौमत्व. चला पुढे.”

या शब्दाची चार ओळींची व्याख्या मी वीस वर्षं फळ्यावर लिहून देतेय. आजीने ती चाव्यांच्या जुडग्यालाच अडकवून ठेवली होती.

शाळेत न कळलेला कुठला शब्द तुम्हाला घरी कळला?